गाठ : पोटावरची आणि मनातली

मराठी भाषेने भीतीचे बिऱ्हाड पोटात थाटले आहे. वाईट बातमी अकस्मात कानी आली की पोटात गोळा उठतो, आप्ताच्या दुखण्याने पोटात कालवाकालव होते, आणि ज्याला आपले भय दुसऱ्याला दिसू द्यावयाचे नसते तो ते पोटातच ठेवतो. हे सारे लाक्षणिक बोलणे झाले. परंतु एखाद्या दिवशी स्नान करीत असता, साबणाचा हात पोटावरून फिरताना बोटांना कातडीखाली वाटाण्याएवढा किंवा सुपारीएवढा खराखुरा गोळा लागतो, आणि मग लक्षणा व वाच्यार्थ दोन्ही एकाच क्षणी खरे होतात. काल ही गाठ होती की नव्हती हे आठवत नाही. ती दुखत नाही, तिच्यावरची कातडी लाल झालेली नाही, अंगात तापही नाही. वास्तविक यामुळे धीर यावयास हवा. पण 'न दुखणारी गाठ वाईट' हे वाक्य त्या माणसाने कुठे तरी ऐकलेले असते, आणि तेवढे एकच वाक्य त्याला नेमके त्या वेळी आठवते.

यानंतर सामान्यतः दोन प्रकार घडतात. एखादा गृहस्थ त्याच दिवशी एका डॉक्टरांकडे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे आणि आठवड्याच्या अखेरीस तिसऱ्याकडे जातो. तिघांनीही काळजीचे कारण नाही असे सांगितले, तर त्या तिघांपैकी एकाच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटलेली आठी तो घरी घेऊन येतो. उलट एखादी गृहिणी ती गाठ पदराखाली वर्षभर वागवते. मुलीचे लग्न, सासऱ्यांचे आजारपण, दिवाळीचे दिवस अशी कारणे एकामागून एक पुढे येतात. आणि खरे कारण, म्हणजे डॉक्टर काय म्हणतील याचे भय, ती स्वतःलाही सांगत नाही. पहिल्याचा पैसा आणि झोप जाते. दुसरीचा काळ जातो, आणि क्वचित प्रसंगी तो काळच सर्वांत मोलाचा असतो. या दोघांनाही हवी असलेली वस्तू मात्र एकच आहे. पोटाच्या त्या जागी काय काय असू शकते, याचे साधे व खरे ज्ञान त्यांना हवे आहे.

पोटाची भिंत ही एकजिनसी नसते. सर्वांत वर त्वचा, तिच्याखाली मेदाचा थर, त्याखाली स्नायू व त्यांना जखडून ठेवणारे चिवट पडदे, आणि सर्वांत आत उदरपोकळीचे अस्तर, अशी तिची रचना आहे. मेदाचा थर कृश माणसात बोटभरही नसतो; स्थूल माणसात तो वीतभर होऊ शकतो. हाताला लागलेली गाठ या थरांपैकी कोणत्या थरात आहे, हा डॉक्टरांच्या मनातला पहिला प्रश्न असतो. म्हणूनच ते रोग्याला निजवतात आणि हाताचा आधार न घेता डोके व खांदे किंचित वर उचलावयास सांगतात. त्यामुळे पोटाचे स्नायू ताठ होतात. गाठ स्नायूंच्या वर असेल तर ती तशीच, किंबहुना अधिक ठळक जाणवते. पोटाच्या आत असेल तर ताठ झालेल्या स्नायूंच्या आड दिसेनाशी होते. एवढ्या साध्या युक्तीने निम्मा उलगडा होतो.

काही गाठी मुळात गाठी नसतातच. छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक बेंबीच्या वर, बरगड्या जिथे एकत्र येतात तिथे, कित्येकांना बोटाला टोचते. हे टोक जन्मापासून तिथेच असते. पण वजन उतरल्यावर, किंवा एखाद्या दुखण्याच्या निमित्ताने पोट चाचपावयाची सवय लागल्यावर, ते प्रथमच लक्षात येते आणि मनुष्य घाबरून जातो. पोटाच्या उभ्या स्नायूंवर आडवे पट्टे असतात. त्यांच्या मधले उंचवटे व्यायाम करणाऱ्या तरुणाला भूषण वाटतात, तर तेच अन्य कोणाला गाठीसारखे भासतात. किडकिडीत माणसाला बेंबीच्या वर नाडीसारखे उडते; ती शरीरातील महारोहिणी होय, आणि कृश देहात तिचे ठोके लागणे स्वाभाविक आहे. वृद्ध व धूम्रपान करणाऱ्या मनुष्याच्या पोटात मात्र असा रुंद, धडधडणारा गोळा लागला तर ती रोहिणी फुगलेली असण्याचा संभव असतो, आणि तेथे दिरंगाई करून चालत नाही. बाळंतपणानंतर स्त्रियांच्या पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरतात. बिछान्यातून उठताना मधोमध उभा फुगवटा येतो. तोही गाठ नव्हे. पायाला जखम झाली असता जांघेत येणारे अवधाण आपल्या आजीबाईंना ठाऊक होते. जखम बरी झाली की तेही बहुधा ओसरते.

खऱ्या गाठींपैकी सर्वांत अधिक आढळणारी गाठ चरबीची होय. वैद्यकात तिला लायपोमा म्हणतात. शंभर माणसांत सुमारे एकाच्या अंगावर अशी गाठ असते, आणि ती बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान दृष्टीस पडते. ती मऊ असते, कणकेच्या गोळीसारखी दबते, आणि कडेला बोट दाबले की निसटून पलीकडे सरकते. तिच्यावरची त्वचा जशीच्या तशी असते. तिच्याभोवती पातळ वेष्टन असते व आत सामान्य चरबीच असते. पुष्कळांना अशी एकच गाठ येते. परंतु काही घराण्यांत ती वंशपरंपरेने चालत येते, आणि मग बाप, मुलगा, आत्या अशा अनेकांच्या दंडावर, मांडीवर व पोटावर डझनावारी गाठी असतात. असा मनुष्य स्वतःच्या दहाव्या गाठीने घाबरत नाही. पण ज्याला आपल्या वडिलांच्या अंगावरच्या गाठींविषयी कधी कोणी सांगितले नाही, तो आपल्या पहिल्या गाठीने हवालदिल होतो. घरातली मंडळी अशा गोष्टी मोकळेपणाने बोलत नाहीत, त्याची ही किंमत आहे.

ही गाठ आजची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे विवेचन आहे, आणि त्यात मेदापासून होणाऱ्या ग्रंथीचे वर्णन स्वतंत्रपणे केलेले आहे. ती स्निग्ध असते, मोठी असते, फारशी दुखत नाही, आणि छेदली असता तिच्यातून तुपासारखा मेद निघतो, हे त्या निरीक्षकांनी नोंदवून ठेवले. ग्रंथी आणि अर्बुद हे दोन भिन्न शब्द त्यांनी योजले, यावरून प्रत्येक गाठ सारख्या भयाची नसते हे त्यांनाही उमगले होते असे दिसते. शरीर पुष्ट झाले की मेदाची ग्रंथी वाढते व शरीर झडले की तीही झडते, असेही त्या ग्रंथात म्हटले आहे. आजचा अनुभव मात्र वेगळा आहे. उपवासाने, चालण्याने किंवा औषधी तेलाच्या मर्दनाने चरबीची गाठ नाहीशी होत नाही. उलट भोवतालचा मेद उतरला की आजवर लपलेली गाठ अधिक उठून दिसू लागते, आणि वजन घटवण्यात यश मिळवलेला माणूस आपल्याला नवा रोग जडला म्हणून चिंता करू लागतो.

दुसरी नेहमीची गाठ त्वचेतल्या पिशवीची. मराठीत डोक्यावरच्या किंवा मानेवरच्या अशा गाठीला आवाळू म्हणण्याचा प्रघात आहे. तशीच ती पोटावर, विशेषतः कमरपट्ट्याच्या रेषेत, येऊ शकते. हिची ओळख अशी की ती त्वचेला चिकटलेली असते आणि तिच्या माथ्यावर पुष्कळदा एक काळसर बारीक छिद्र दिसते. आत पांढरट, दुर्गंधीयुक्त पदार्थ साठलेला असतो. तो दाबून बाहेर काढण्याचा मोह अनावर होतो, आणि तिथेच चूक होते. पिशवी आत फुटते, पू धरतो, आणि निरुपद्रवी गाठीचे गळू होते. पिशवी मुळासकट काढल्याखेरीज ती पुन्हा भरते.

आज ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून थोडक्या वेळात होते. पण दोनशे वर्षांपूर्वी राजाच्या बाबतीतही ती साधी गोष्ट नव्हती. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावर असे एक आवाळू होते. ते काढण्याचे काम १८२१ साली अ‍ॅस्टली कूपर या शस्त्रवैद्याकडे आले. हाच कूपर १८०४ व १८०७ साली पोटाच्या अंतर्गळावरील आपल्या ग्रंथाचे दोन भाग प्रसिद्ध करून नावाजला गेला होता. पोटाच्या भिंतीची त्याच्याइतकी ओळख त्या काळी थोड्यांनाच होती. तरीही राजाच्या डोक्यावर शस्त्र चालवावयास तो मनातून कचरत होता, कारण एवढ्याशा जखमेतून धावरे पसरून धडधाकट माणसे दगावलेली त्याने पाहिली होती. ईथरने गुंगी आणण्याचा जाहीर प्रयोग १८४६ साली बोस्टन येथे झाला, आणि लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचे आपले तत्त्व १८६७ साली मांडले. कूपरच्या हाताशी यांपैकी काहीही नव्हते. राजा सुदैवाने बरा झाला आणि कूपरला सरदारकी मिळाली. आज जिल्ह्याच्या रुग्णालयातील तरुण शस्त्रवैद्याला तशा शस्त्रक्रियेसाठी कोणी सरदारकी देणार नाही. भीतीचे मूळ कारण केव्हाच गेले. भीती मात्र मागे राहिली आहे.

आता अंतर्गळाविषयी. अंतर्गळ ही खऱ्या अर्थाने गाठ नव्हेच. पोटाच्या भिंतीत एखादी जागा कच्ची पडते, आणि तेथून आतील चरबी किंवा आतड्याचे वेटोळे त्वचेखाली डोकावू लागते. जांघ, बेंबी, बेंबीच्या वरची मध्यरेषा आणि जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण या तिच्या ठरलेल्या वाटा आहेत. खोकले की तिला धक्का लागतो, उभे राहिले की ती फुगते, आणि निजले की बहुधा आत जाते. मध्यरेषेतील लहानसा अंतर्गळ वाटाण्याएवढाच असतो व पुष्कळदा आत जातही नाही. त्यामुळे त्याला चरबीची गाठ समजण्याची चूक जाणत्यांकडूनही होते. ओझी वाहणारा हमाल, वर्षानुवर्षे खोकणारा दमेकरी, बद्धकोष्ठाने कुंथणारा वृद्ध आणि अनेक बाळंतपणे झालेली स्त्री यांना तो विशेषेकरून होतो.

अंतर्गळाची एक अवस्था मात्र प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवी. नेहमी आत जाणारा फुगवटा एके दिवशी आत जात नाही. तो टणक होतो, असह्य दुखू लागतो, ओकाऱ्या सुरू होतात, आणि शौच व वारा दोन्ही बंद होतात. आतड्याचा तो भाग आवळला गेलेला असतो, व त्याचा रक्तपुरवठा तुटत चाललेला असतो. येथे दिवसांचा हिशेब चालत नाही, तासांचा चालतो. शेक, पोटीस, चोळणे किंवा जुलाबाचे औषध यांपैकी काहीही करू नये; रुग्णाला तोंडाने काही न देता थेट रुग्णालयात न्यावे. आदल्या वर्षी सवडीने शस्त्रक्रिया करून घेतली असती तर जो प्रसंग आलाच नसता, तो रात्री दोन वाजता आडगावात उभा राहतो, आणि मग वाहनाच्या शोधात मोलाचा वेळ जातो. तान्ह्या मुलांच्या बेंबीच्या अंतर्गळाची गोष्ट याहून निराळी आहे. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांच्या आत आपोआप मिटतो. त्यावर नाणे बांधण्याची काही घरांतील चाल निरुपयोगी आहे, आणि नाण्याखालची कोवळी त्वचा त्यामुळे सोलवटते.

अलीकडच्या काळात आणखी एक गाठ भारतातील घराघरांत शिरली आहे, आणि तिचे कारण त्या घरातील औषधाच्या पेटीतच असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार या देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्यांपैकी अनेकजण रोज इन्सुलिन टोचून घेतात, आणि बहुतेकांची टोचण्याची जागा पोट ही असते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे एका मुलाला हे औषध प्रथम देण्यात आले, तेव्हापासून त्याने असंख्य प्राण वाचवले आहेत. परंतु एकाच जागी पुनःपुन्हा सुई टोचली की तेथील मेदपेशी इन्सुलिनच्याच प्रभावाने फुगतात, आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंस रबरासारख्या गाठी येतात. त्या जागी सुई कमी दुखते, म्हणून रुग्ण नेमकी तीच जागा निवडतो. तेथून औषध नीट शोषले जात नाही. रक्तातील साखर चढते, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि मग एखाद्या दिवशी सुई निरोगी जागी पडली की तीच वाढीव मात्रा पूर्णपणे शोषली जाऊन साखर धोकादायक रीतीने खाली येते. या गाठींना कर्करोगाची भीती नाही, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष करणेही बरे नव्हे. दर वेळी सुई निदान बोटभर अंतराने टोचावी, तीच सुई पुनःपुन्हा वापरू नये, गाठीची जागा काही महिने मोकळी सोडावी, आणि जागा बदलताना मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. एवढे पथ्य पाळले की या गाठी हळूहळू ओसरू लागतात.

काही गाठी विशिष्ट इतिहास घेऊन येतात. ज्या स्त्रीचे बाळंतपण पोटावर शस्त्रक्रिया करून झाले आहे, तिच्या व्रणाजवळ एखादी गाठ येऊन ती दर महिन्याला मासिक पाळीच्या सुमारास दुखू लागली, तर गर्भाशयाच्या अस्तराचे कण त्या व्रणात रुजलेले असण्याचा संभव असतो. अशा स्त्रीने दुखण्याच्या तारखा लिहून ठेवल्या तर निदान तिच्या वहीतच सापडते. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा वाटाण्याएवढ्या अनेक टणक गाठी अंगभर आल्या तर पट्टकृमीच्या कोशांची शंका घ्यावी लागते. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांमध्ये हा विकार पुष्कळ आढळला, आणि अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील कित्येकांना पुढे अपस्माराचे झटके येत, कारण जे कोश त्वचेखाली होते तसेच मेंदूतही होते. हा रोग डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो, ही समजूत चुकीची आहे. कृमीची अंडी मानवी विष्ठेतून माती, पाणी व न धुतलेल्या भाजीपाल्यावाटे पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी मनुष्यही यातून सुटत नाही. त्वचेखालची ती निरुपद्रवी दिसणारी गाठ अशा वेळी मेंदूतील विकाराचा पत्ता सांगते.

आणि अखेरीस, ज्या गोष्टीच्या भयाने ही सारी चिंता सुरू होते तिच्याविषयी स्पष्ट बोलावयास हवे. त्वचेखालच्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. चरबीच्या साध्या गाठीचे कर्करोगात रूपांतर होणे जवळजवळ घडतच नाही. चरबीचा जो कर्करोग आहे तो बहुधा आरंभापासून तसाच असतो, आणि तो प्रायः खोल, मांडीत किंवा पोटाच्या मागील भागात, वाढतो. शंका कोणत्या गाठीविषयी घ्यावी, याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मोठ्या लिंबाहून, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटरहून मोठी, आठवड्या-महिन्यांत डोळ्यांदेखत वाढणारी, दगडासारखी टणक, खालच्या थराला जखडलेली व न हलणारी, काढल्यावर पुन्हा उगवलेली, जिच्यावरची त्वचा फुटून व्रण झाला आहे अशी, किंवा जिच्याबरोबर अन्नावरची वासना उडाली आहे व वजन कारणावाचून उतरत आहे अशी गाठ त्वरेने दाखवावी. दुखणे वा न दुखणे यावर मात्र भिस्त ठेवू नये. रक्तवाहिन्यांनी भरलेली चरबीची गाठ दुखते आणि निरुपद्रवी असते. घातक गाठ कित्येकदा मुळीच दुखत नाही.

बेंबीतील गाठीविषयी एका परिचारिकेची हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर येथे सेंट मेरीज् नावाचे रुग्णालय आहे. तेथे सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी ही परिचारिका डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करीत असे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना तिच्या ध्यानात आले की, ज्यांच्या बेंबीत कठीण गाठ लागते त्यांच्या पोटात कर्करोग पसरलेला आढळतो. मोठमोठ्या पदव्या धारण करणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट रोज इमानाने हात फिरवणाऱ्या बोटांनी टिपली. मेयो यांनी १९२८ साली या खुणेविषयी लिहिले, आणि १९४९ साली हॅमिल्टन बेली या शस्त्रवैद्याने तिला सिस्टर मेरी जोसेफचे नाव दिले. ही बाई त्यापूर्वी दहा वर्षे, १९३९ साली, निवर्तली होती. बेंबीतील प्रत्येक फुगवटा असा नसतो; बहुतेक अंतर्गळच असतात. पण बेंबीत नव्याने आलेली कठीण गाठ घरगुती उपचारांवर सोपवू नये, एवढा धडा तिच्या निरीक्षणातून घ्यावयाचा आहे.

संशयाच्या गाठीची परीक्षा कशी होते, याविषयीही लोकांच्या मनात नाना कल्पना असतात. प्रथम हाताने तपासणी, मग आवश्यक वाटल्यास सोनोग्राफी. तीत गाठ घट्ट आहे की पाण्याची, उथळ आहे की खोल, हे दिसते. त्यापुढे बारीक सुईने पेशी काढून किंवा गाठीचा तुकडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुई लावली की रोग भडकतो, या समजुतीने अनेकजण येथूनच माघारी फिरतात. ही समजूत फार नुकसान करणारी आहे. सुई कोठून व कशी घालावी हे जाणत्या हाताने ठरवले असता या तपासणीचा धोका अल्प असतो. आणि तिच्यावाचून केलेला उपचार म्हणजे अंधारात टाकलेला दगड होय. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील विकृतिविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना अग्रक्रमाने होते. रुग्णाला त्यांच्या शास्त्राचे नावही ठाऊक नसते. पण 'गाठ साधी आहे' हे ज्या दोन शब्दांच्या कागदावर लिहून येते, तो कागद त्या शास्त्रातूनच येतो.

एवढे सगळे झाले, कागद हाती आला, तरी काहींचे मन शांत होत नाही. या मनोवृत्तीला पाश्चात्त्य वैद्यकात जो जुना शब्द आहे त्याचा उगम मौजेचा आहे. ग्रीक भाषेत बरगड्यांच्या कूर्चेखालच्या भागाला, म्हणजे पोटाच्या वरच्या बाजूंना, 'हायपोकाँड्रिया' म्हणत. उदासपणाचा व काल्पनिक दुखण्यांचा उगम तेथेच होतो अशी त्या काळची समजूत होती. आणि म्हणून पोटाच्या एका भागाचे नाव रोगभयाचेच नाव होऊन बसले. भीतीला पोटात जागा देणारी मराठी भाषा यात एकटी नाही.

रोगभयाने पछाडलेला मनुष्य हास्यास्पद ठरवणे सोपे आहे. फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६७३ साली काल्पनिक रोग्यावर प्रहसन लिहिले, आणि त्या रोग्याची भूमिका स्वतः केली. चौथ्या प्रयोगाच्या दिवशी, १७ फेब्रुवारीस, रंगभूमीवरच त्याला खोकल्याची उबळ आली. प्रयोग त्याने कसाबसा पार पाडला, आणि काही तासांतच घरी त्याचा अंत झाला. खोट्या रोग्याचे सोंग आणणारा तो नट खरोखरीच आजारी होता. ही घटना डॉक्टरांनी व घरच्या मंडळींनी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. जो नेहमी घाबरतो त्यालाही कधी तरी खरा रोग होऊ शकतो. म्हणून त्याची चेष्टा करण्यापूर्वी त्याचे पोट तपासावे. आणि रोग नाही असे ठरल्यावरही त्याचे भय हे एक दुखणेच आहे, त्यालाही उपचार आहे, हे त्याला सौजन्याने सांगावे.

भयाचा एक गुण असा की ते स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. दिवसातून वीस वेळा गाठ दाबली की ती जागा सुजते व हुळहुळी होते. मग 'आता दुखूही लागली' म्हणून दाबणे चाळीस वेळा होते. यावर एक जुना व साधा उपाय आहे. गाठ कोणत्या तारखेस सापडली, ती बेंबीपासून कोणत्या बाजूस व किती अंतरावर आहे, पट्टीने मोजता तिची लांबी किती, हे एका वहीत लिहावे. वही डॉक्टरांना दाखवावी. त्यांनी केवळ लक्ष ठेवावयास सांगितले, तर महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेस, पुन्हा मोजावे, आणि मधल्या काळात हात तेथे नेऊ नये. मोजमाप भीतीला आवडत नाही; अंदाजावरच तिची उपजीविका असते. आणि गाठ खरोखरच वाढत असेल, तर डॉक्टरांच्या दृष्टीने त्या वहीतील दोन आकड्यांचे मोल रुग्णाच्या दोन तासांच्या वर्णनाहून अधिक असते.

याच्या उलट, ज्यांनी गाठ दडवून ठेवली आहे त्यांना धाकाने काहीही साधत नाही. पुष्कळ स्त्रिया गाठ दडवतात ती लाजेमुळे, खर्चाच्या विचाराने, किंवा आपले दुखणे हे घरातील कामांच्या यादीत शेवटी लिहावयाचे असते या संस्कारामुळे. मग बिब्बा लावणे, डाग देणे, कसला तरी पाला वाटून बांधणे असे उपाय चोरून होतात. गाठ राहते आणि वर जखम होते. अशा घरात नवऱ्याने, मुलाने किंवा सुनेने 'उद्या सकाळी आपण दोघे जाऊन येऊ' एवढे वाक्य उच्चारले तर ते कोणत्याही लेपाहून गुणकारी ठरते. दवाखान्याच्या बाकावर शेजारी कोणी बसलेले असणे, हा उपचाराचाच भाग आहे.

शंभर गाठींतल्या बहुतेकांच्या वाट्याला अखेर एकच निर्णय येतो : हिला काही करावयाचे कारण नाही, फारच खुपत असली तर काढून टाकू. हा निर्णय ऐकण्यासाठी कोणी महिनोन् महिने झुरावे, ही खेदाची गोष्ट आहे. आणि ज्या थोड्या गाठींच्या बाबतीत निर्णय वेगळा असतो, त्यांत तो लवकर कळण्यावरच पुढचे सारे अवलंबून असते. दोन्ही पक्षी वाट एकाच दाराशी जाते. नवी गाठ सापडली की ती एकदा जाणत्याच्या हाताखालून गेली पाहिजे, आणि त्यानंतर तिच्याविषयीचा विचार त्या हातावर सोडून देता आला पाहिजे. मराठीत जी गोष्ट विसरावयाची नाही तिची खूणगाठ बांधतात. पोटावरच्या गाठीसंबंधी बांधावयाची खूणगाठ एवढीच आहे.